गरोदरपणात ओठावर ताप फुटला तेव्हा

गरोदर असताना ओठावर फोड उठले आणि मोबाइलवर शोधायला बसलं, की पहिल्या पाच मिनिटांत जीव घाबरा होतो. हर्पिस, बाळाच्या मेंदूला धोका, सिझेरियन असं एकामागून एक समोर येत राहतं. आपल्या ओठाच्या कोपऱ्यावरच्या फोडांचा त्या सगळ्याशी नेमका किती संबंध आहे, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. मी डॉक्टर नाही, पुण्यात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. डिसेंबर २०२३ पासून बाळ हातात येईपर्यंत आणि त्यानंतरही हा त्रास माझ्या मागे होता. त्या काळात जे विचारलं, जे कळलं आणि जे केलं ते इथे लिहून ठेवते आहे. औषध मात्र आपापल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं.

हर्पिस नावाच्या विषाणूमुळे ओठावर उठणाऱ्या या फोडांना आमच्या घरी ‘ताप फुटला’ म्हणतात. मला शाळेपासून होतो. दहावीच्या परीक्षेत झाला होता, लग्नाच्या आधी झाला होता, तापातून उठलं की हमखास होतो. आधी ओठाच्या एका ठिकाणी मुंग्या येतात, मग तिथे ठणका लागतो, दुसऱ्या दिवशी पाणी भरलेले बारीक फोड एकमेकांना चिकटून उठतात, ते फुटतात, खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत डाग न ठेवता जातं. तोंड येतं ते वेगळं. ते ओठाच्या आत किंवा जिभेवर असतं आणि संसर्गाचं नसतं. ओठांचे कोपरे चिरतात तेही वेगळं. हे सांगते, कारण मला घरीदारी सगळ्यांनी आधी बी-कॉम्प्लेक्सच सुचवलं.

डिसेंबरच्या मध्यात पुण्यात थंडी पडली होती आणि कॉलेजमध्ये सगळेच खोकत होते. मला बारावा आठवडा चालू होता. दोन दिवस ताप आला. डॉक्टरांनी फोनवर पॅरासिटामॉल सांगितली आणि ताप उतरला. त्यानंतरच्या संध्याकाळी पेपर तपासताना खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला ओळखीच्या मुंग्या आल्या. एरवी मी कपाटातली ट्यूब काढून लावली असती आणि विसरले असते. त्या दिवशी ट्यूबच्या खोक्यातला कागद पहिल्यांदा उलगडून वाचला. गरोदरपणात फायदा धोक्यापेक्षा जास्त असेल तरच वापरावं, असं त्यावर छापलेलं होतं. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक औषधाच्या कागदावर असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण पोटात बाळ असताना ते वाचणं वेगळं असतं.

सासूबाईंनी प्रेमाने त्यांची खाजेवरची ट्यूब पुढे केली. “हे लाव, रात्रीत बसतं.” मी सवयीने त्यातले घटक वाचले: क्लोबेटासोल, एक बुरशीवरचं औषध, एक प्रतिजैविक. क्लोबेटासोल हे जोरदार स्टेरॉइड आहे. अशा मलमाने लाली आणि खाज पटकन दबते म्हणून ते घरोघरी असतं, पण विषाणूच्या फोडांवर नुसतं स्टेरॉइड लावलं तर तिथली प्रतिकारशक्ती दबते आणि फोड पसरू शकतात. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. तेव्हा ट्यूबचं नाव पाहू नका, घटक वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ती ओठावरच्या फोडांसाठी नाही. शेजारच्या काकूंनी खोबरेल तेलात कापूर सुचवला होता. तोही नको. ओठावरचं सगळं थोडंथोडं पोटात जातंच आणि कापूर पोटात जाणं गरोदरपणात धोक्याचं आहे. चुना आणि टूथपेस्टने त्वचा भाजते, एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात फोन केला. स्वागतकक्षातल्या ताईंनी पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. ‘ओठावर फोड आलेत’ एवढ्यावर तातडीची वेळ मिळत नाही. मग मी सरळ म्हटलं, “मी तीन महिन्यांची गरोदर आहे, हर्पिसचे फोड आहेत, औषध लावू का एवढं आजच विचारायचं आहे.” त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो मागवला आणि त्याच संध्याकाळी ओपीडीच्या शेवटी बोलावलं. दीड तास बसावं लागलं, तपासणीचे सहाशे रुपये झाले. थांबायला लागलं तरी प्रत्यक्ष दाखवलं हे बरं झालं, कारण डॉक्टर मॅडमनी जे प्रश्न विचारले ते फोटोवरून कळण्यासारखे नव्हते.

हे पहिल्यांदाच झालंय का? किती वर्षांपासून होतं? खाली, योनीमार्गाजवळ कधी असे फोड आले होते का? नवऱ्याला कधी, कुठे? डोळा लाल आहे का, दुखतो का? आत्ता ताप आहे का? नवरा शेजारीच बसला होता. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं, पण मॅडम भाजीचा भाव विचारावा इतक्या सहजपणे विचारत होत्या, त्यामुळे उत्तरं देता आली. त्यांनी फाइलवर लिहिलं: ओठावरचा हर्पिस, जुना, पुन्हापुन्हा होणारा, जननेंद्रियावर कधीही नाही. ही एक ओळ पुढे मला फार उपयोगी पडली.

मग त्यांनी समजावलं. या विषाणूचं नाव हर्पिस सिम्प्लेक्स, त्याचा पहिला प्रकार बहुधा ओठावर होतो. बहुतेकांना तो लहानपणीच कुणाच्या तरी पापीतून किंवा लाळेतून मिळतो. मग तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत, कवटीच्या आत कानाच्या थोडा पुढे, जन्मभर झोपून राहतो. ताप, ऊन, जागरण, मनावरचा ताण यांनी जागा होतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने ओठावर येतो. जुना विषाणू असा पुन्हा जागा होतो तेव्हा तो सहसा रक्तातून फिरत नाही, म्हणून पोटातल्या बाळापर्यंत पोचत नाही. उलट आईच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) आधीच तयार असतात आणि शेवटच्या महिन्यांत ती वारेतून बाळाला मिळतात. “तुम्हाला हे वर्षानुवर्षं होतंय, हे बाळाच्या दृष्टीने चांगलंच आहे,” असं त्या म्हणाल्या. माझ्या छातीवरचं दडपण तिथेच उतरलं.

औषध म्हणून फक्त असायक्लोव्हिर ५ टक्के क्रीम सांगितलं. जागं असताना दर चार तासांनी, म्हणजे दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. बोटाने नको, कापसाच्या काडीने टेकवायचं, चोळायचं नाही, आधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. त्वचेतून ते रक्तात अगदी नगण्य जातं. गोळ्यांची गरज नाही म्हणाल्या. फोड फार मोठे, वारंवार येणारे असले, दहा दिवसांत बरे झाले नाहीत किंवा ताप आला तर गोळ्यांचा विचार करू, आणि गरोदरपणात त्याही देता येतात.

मेडिकलवर गेले तर दादांनी न पाहताच मिश्र ट्यूब पुढे केली. मी चिठ्ठी दाखवून ‘नुसतं असायक्लोव्हिर’ मागितलं. पाच ग्रॅमची ट्यूब शंभर रुपयांच्या आत मिळाली आणि पूर्ण आजाराला पुरून उरली. संपली नाही तरी कुणाला द्यायची नाही. ट्यूबचं तोंड फोडाला लागलेलं असू शकतं.

त्या रात्री मी या औषधाबद्दल वाचत बसले, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त धीर माझ्याच विषयाने दिला. असायक्लोव्हिर शरीरात गेल्यावर आपोआप काम करत नाही. त्याच्यावर आधी एक फॉस्फेट बसावा लागतो आणि तो बसवणारं विकर (एन्झाइम) विषाणूकडे असतं. आपल्या निरोगी पेशी ते काम जवळजवळ करत नाहीत. त्यामुळे औषध जिथे विषाणू वाढतोय तिथेच जागं होतं आणि त्याच्या डीएनएची साखळी पुढे वाढू देत नाही. ज्या संशोधनगटातून ते आलं त्यातल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. औषध वापरात येऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. उत्पादक कंपनीने १९८४ ते १९९९ या काळात गरोदरपणात ते घेतलेल्या स्त्रियांची नोंदवही ठेवली होती. त्यात बाराशेहून जास्त गरोदरपणांची माहिती जमली आणि जन्मजात दोषांचं प्रमाण एरवीपेक्षा वाढलेलं दिसलं नाही. डेन्मार्कमध्ये आठ लाखांहून जास्त बाळांच्या नोंदी तपासून २०१० मध्ये एक अभ्यास छापून आला. पहिल्या तीन महिन्यांत अशी औषधं घेतलेल्या अठराशेच्या आसपास आयांच्या बाळांत मोठे दोष २.२ टक्के होते आणि न घेतलेल्यांत २.४ टक्के. हे सगळं प्रामुख्याने पोटात घ्यायच्या औषधांबद्दल आहे. मी तर ओठावर ठिपका लावत होते.

क्रीमकडून फार अपेक्षा ठेवू नये, हेही लिहायला हवं. मुंग्या येतात तेव्हाच सुरू केलं तर एखादा दिवस कमी लागतो, इतकाच फरक. फोड फुटल्यावर सुरू केलं तर जवळजवळ काहीच नाही. मला खरा आराम मिळाला तो स्वच्छ रुमालात बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ टेकवल्याने. खपली धरल्यावर साधी पेट्रोलियम जेली लावली की ओठ हलवताना ती तडकत नाही. लोणचं, लिंबू आणि तिखट चटणी बाजूला ठेवली. मुगाची खिचडी, ताकभात, शिरा असं गार करून खाल्लं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू ठेवल्या. टॉवेल, पेला आणि चमचा वेगळा केला, बरं झाल्यावर टूथब्रश बदलला. नाताळच्या सुट्टीपर्यंत ओठ स्वच्छ झाला.

जानेवारीत दुसरंच प्रकरण उभं राहिलं. नवऱ्याच्या कंपनीच्या आरोग्य योजनेतून गरोदर स्त्रियांसाठी रक्ततपासणीचं एक पॅकेज सवलतीत मिळत होतं. त्यात टॉर्च नावाची चाचणी होती. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस अशा संसर्गांची प्रतिपिंडं त्यात पाहतात. पॅकेजचे आम्ही साडेतीन हजार भरले. रिपोर्ट मोबाइलवर आला. आयजीजी आणि आयजीएम हे प्रतिपिंडांचे दोन प्रकार. हर्पिसच्या ओळीत आयजीजी ‘पॉझिटिव्ह’, लाल अक्षरांत, आणि आयजीएम ‘संदिग्ध’. लॅबमध्ये फोन केला तर ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढंच उत्तर मिळालं. त्या आठवड्यात मॅडम परगावी होत्या. नात्यातल्या एकाने रिपोर्ट ओळखीच्या कुणाला पाठवला आणि तिकडून निरोप आला, की मोठ्या डॉक्टरला दाखवा, हे ठेवायचं की नाही ते बघावं लागेल. माझ्या सासूबाई देवघरासमोर बसून राहिल्या. मला रात्री झोप लागेना. नवरा रोज सकाळी दवाखान्यात फोन करून मॅडम आल्या का विचारायचा.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि बाजूला ठेवला. आयजीजी म्हणजे हा विषाणू आधी कधीतरी शरीरात आलेला आहे, आणि ते तर माझा ओठच सांगत होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात पन्नाशीच्या आतल्या जवळजवळ दोन तृतीयांश लोकांच्या शरीरात ओठावरच्या हर्पिसचा विषाणू आहे. त्या सगळ्यांची ही ओळ पॉझिटिव्ह यायची. आयजीएमने नवा संसर्ग कळतो असं वाटतं, पण हर्पिसच्या बाबतीत ती चाचणी भरवशाची नाही. जुना विषाणू पुन्हा जागा झाला तरी ती पॉझिटिव्ह येते, कधी दुसऱ्याच विषाणूमुळे येते. नुकताच ओठावर ताप फुटून गेला होता. त्या म्हणाल्या, “या ओळीसाठी औषध नाही, पुन्हा तपासणी नाही आणि बाकी काही तर मुळीच नाही. वीस आठवड्यांची सोनोग्राफी करू.” हे लिहिताना आजही मला राग येतो. एका कागदावरच्या एका ओळीवरून, बाईला न तपासता, गर्भ ठेवायचा की नाही अशी भाषा कुणी करू नये. असा रिपोर्ट हातात आला तर तो तुमचा इतिहास माहीत असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवेपर्यंत कुणालाही पाठवू नका.

सोनोग्राफी ७ फेब्रुवारीला झाली. आधारची झेरॉक्स, लिंगनिदान न करण्याबद्दलचा फॉर्म एफ, त्यावर सही, मग रांग. जवळजवळ अडीच तास गेले आणि खर्च अडीच हजारांच्या घरात. हृदयाचे चार कप्पे, मणका, मेंदू, दोन्ही मूत्रपिंडं, सगळं नीट होतं. सासूबाईंना मी तिथूनच फोन केला.

एप्रिलमध्ये पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, बार्शीला आले. निघताना मॅडमकडून अर्ध्या पानाचं पत्र लिहून घेतलं: रक्तगट, हिमोग्लोबिन, थायरॉइड, आणि ‘ओठावरचा जुना हर्पिस, जननेंद्रियावर कधीही नाही, डिसेंबरमध्ये असायक्लोव्हिर क्रीम वापरलं’. माहेरी बाळंतपण करणाऱ्या प्रत्येकीने असं पत्र घ्यावं. नवीन डॉक्टरला पहिल्या भेटीत सगळं तोंडी सांगताना काहीतरी राहतंच.

७ मे रोजी लोकसभेचं मतदान होतं. माझं नाव अजून माहेरच्या यादीत आहे. गरोदर म्हणून मला रांगेतून पुढे सोडलं, पण जाण्यायेण्यात डोक्यावर ऊन लागलंच. सोलापूर जिल्ह्यातलं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते तिकडच्यांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच जागी मुंग्या आल्या. या वेळी ट्यूब हाताशी होती, तासाभरात पहिला ठिपका लावला. डिसेंबरच्या मानाने फोड कमी आले.

९ तारखेला तसंही सरकारी दवाखान्यात जायचं होतं. दर महिन्याच्या नऊ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. आशाताईंनी माझं माता-बाल संरक्षण कार्ड आधीच बनवून ठेवलं होतं. सकाळी नऊला पोचलो. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन, बाळाचे ठोके. तपासून झालं की जोखीम नसेल तर कार्डावर हिरवं स्टिकर लावतात, जास्त जोखीम असेल तर लाल. माझ्या ओठाकडे पाहून सिस्टरने विचारलं, मी ‘हर्पिस’ म्हटलं, आणि त्यांचा हात लाल स्टिकरकडे गेला. मी मॅडमचं पत्र पुढे केलं. वैद्यकीय अधिकारी तरुण होत्या. त्यांनी पत्र वाचलं, ओठ पाहिला, डोळ्यांत टॉर्च मारून तपासलं, खाली काही त्रास आहे का विचारलं आणि म्हणाल्या, “ओठावरच्यासाठी लाल नको, सिस्टर.” हिरवं लागलं. क्रीम तिथे शिल्लक नव्हतं, पण माझ्याकडे होतंच. परत यायला दोन वाजले. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. आईने आमरस केला होता, तो मला फोडावर झोंबला, तरी मी खाल्ला.

त्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून आणखी एक गोष्ट नीट कळली. नवजात बाळाला खरा धोका असतो तो आईला शेवटच्या काही आठवड्यांत जननेंद्रियाचा हर्पिस आयुष्यात पहिल्यांदाच झाला तर. तेव्हा तिच्या शरीरात प्रतिपिंडं तयार व्हायला वेळच मिळालेला नसतो. अशा वेळी बाळंतपण योनीमार्गे झालं तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता खूप, साधारण तीनात एक ते निम्मी, असते. म्हणून सिझेरियन करतात. ज्यांना खाली जुना हर्पिस आहे त्यांना शेवटच्या काही आठवड्यांत रोज गोळ्या देऊन तो दाबून ठेवतात. नुसत्या ओठावरच्या फोडासाठी सिझेरियन लागत नाही. माझी बाळंतपणाची पद्धत त्यामुळे बदलणार नव्हती.

मुलगी २२ जूनला झाली, नॉर्मल. दाखल करतानाच डॉक्टरांनी दिवा लावून खालची तपासणी केली, कुठेही फोड नाही याची खात्री करून नोंद केली. ती नोंद आपल्यासमोर होते ना, हे पाहावं.

आणि मग तिच्या पहिल्याच आठवड्यात, जागरणांनी, माझ्या ओठावर पुन्हा मुंग्या आल्या. पूर्ण काळातला हा सगळ्यात भीतीचा प्रसंग. पोटात असताना तिच्याभोवती भिंत होती. आता ती माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर दूध पीत होती. माझी प्रतिपिंडं तिच्याकडे असली तरी पहिल्या महिन्यात बाळाला हा विषाणू लागला तर तो मेंदूपर्यंत आणि यकृतापर्यंत जाऊ शकतो. आई रात्रीच डॉक्टरांना फोन करायला निघाली. सकाळी त्या स्वतः येऊन पाहून गेल्या. दूध चालू ठेवायचं, स्तनावर फोड नसेल तर थांबवायचं कारण नाही. चोवीस तास मास्क, ओला झाला की बदलायचा. बाळाला घेण्याआधी प्रत्येक वेळी साबणाने हात. पापी नाही, तोंडाने फुंकर घालून काही गार करायचं नाही, चोखणी स्वतःच्या तोंडात घालून द्यायची नाही. या वेळी त्यांनी असायक्लोव्हिरच्या गोळ्याही दिल्या; दूध पाजताना त्या चालतात. डोस मुद्दाम लिहीत नाही, तो ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचा. आणि बजावलं की पहिल्या महिन्यात बाळाला ताप आला किंवा अंग गार पडलं, ते दूध ओढेना, सुस्त पडलं, झटका आला, अंगावर कुठेही पाणीदार फोड दिसला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

खपली पडेपर्यंत मी तिला डोळे भरून पाहिलं आणि ओठ लांब ठेवले. हे कठीण गेलं. मास्कच्या आडून तिच्याशी बोलायचे.

आईने खोलीच्या दारावर कागद चिकटवला: ‘बाळाची पापी घेऊ नये, हात धुऊन यावे.’ काहींना लागलं. एका आजींनी ‘आमच्या काळी असं नव्हतं’ म्हटलं. आई शांतपणे म्हणायची, “डॉक्टरांनी सांगितलंय, मामी. पायांना हात लावा, तेही सुख आहे.” डॉक्टरांचं नाव पुढे केलं की निम्मे वाद मिटतात.

बाराव्या दिवशी, ३ जुलैला, बारसं होतं. पुण्याहून माझी नणंद आली आणि तिच्या वरच्या ओठावर ताजी खपली होती. आत्या म्हणजे बारशाची मानकरी. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं काम तिचं. मी काही बोलायच्या आत तिनेच मला आत बोलावलं. “वहिनी, मला रात्रीच दिसलं. मी वाकणार नाही. मास्क लावून पाळण्याच्या दोरीपाशी उभी राहते, नाव मोठ्याने सांगते.” तसंच केलं. कानाशी माझी आई वाकली, नाव आत्यानेच सांगितलं, घुगऱ्या वाटल्या. फोटोत ती मास्कमध्ये आहे. तिचे उपकार मी विसरणार नाही. अशा वेळी स्वतःहून सांगणारं माणूस घरात असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

दीड महिन्याच्या लसीकरणाला डॉक्टरांनी सांगितलं की सर्वांत नाजूक काळ सरला. तरीही ओठावर फोड किंवा खपली असलेल्या कुणीही बाळाची पापी घेऊ नये, हा नियम आमच्याकडे अजून आहे.

हे सगळं लिहायला बसण्याचं तातडीचं कारण माझी मावसबहीण आहे. तिला सहावा महिना लागलाय. तिला स्वतःला कधीही ओठावर ताप फुटलेला नाही, पण तिच्या नवऱ्याला दर उन्हाळ्यात फुटतो. वरकरणी तिची परिस्थिती माझ्यापेक्षा सोपी वाटते, पण काळजी तिनेच जास्त घ्यायला हवी, कारण तिच्या शरीरात कदाचित प्रतिपिंडं नाहीत. त्याच्या ओठावर मुंग्या आल्यापासून खपली पडून कातडी पूर्ववत होईपर्यंत चुंबन नाही आणि मुखमैथुन तर अजिबात नाही, कारण ओठावरचा हाच विषाणू तिथून खाली जाऊ शकतो. शेवटच्या तीन महिन्यांत त्याच्या ओठावर काही नसतानाही मुखमैथुन टाळावा, कारण फोड दिसत नसतानाही विषाणू अधूनमधून लाळेत येत असतो. मी दोघांनाही हे फोनवर सांगितलं. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, “ताई, पुढच्या तपासणीला मी पण आत जातो, डॉक्टरांना मीच सांगतो.”